उभे राहताना येणारी घेरी

घरातले वयस्क माणूस उठून उभे राहिले आणि त्याला घेरी आली, की आपल्याकडे कारणे ठरलेली असतात. ऊन लागले, पित्त झाले, अशक्तपणा आला, वय झाले. पुरुष असेल तर आणखी एक कारण कुजबुजले जाते, ते म्हणजे 'घेतली असेल!' आमच्या अण्णांच्या वाट्याला हे शेवटचे कारण आले, म्हणून चार शब्द लिहीत आहोत.

अण्णा रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. आयुष्यात दारूला शिवले नाहीत, उलट वस्तीतल्या कित्येक पोरांची बाटली त्यांनी सोडवली. निवृत्तीनंतर काही वर्षांनी ते सकाळी अंथरुणातून उठले की भिंत धरू लागले. डोळ्यांपुढे अंधारी येते, मान आणि खांदे भरून येतात, असे म्हणत. बसले की थोड्या वेळात बरे वाटे. एका लग्नात पंगतीतून उठताना ते सर्वांदेखत कोसळले. आम्ही तोंडावर पाणी मारत होतो, तेवढ्यात मागून कुणी तरी म्हणाले, "म्हातारपणी सुरू केली वाटतं." अण्णांनी ते ऐकले. तेव्हापासून त्यांनी लग्नाला, सभेला जाणे सोडले. पडण्याच्या मारापेक्षा हा मार मोठा होता.

आम्ही तिघे भावंडे त्यांना घेऊन दवाखाने फिरलो. प्रत्येक ठिकाणी खुर्चीवर बसवून प्रेशर पाहत, आणि ते ठीकच निघे. एके ठिकाणी तर 'मनाचे आहे' म्हणून झोपेची गोळी मिळाली. शेवटी सरकारी इस्पितळातल्या एका डॉक्टरबाईंनी अण्णांना पाच मिनिटे आडवे निजवून प्रेशर घेतले. मग उभे करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घेतले. निजलेले असताना वरचा आकडा १४८ होता, उभे राहिल्यावर १०२! बाई म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही उभे राहता, पण तुमचं प्रेशर उभं राहत नाही."

या विकाराला ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणतात. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला, तर हा विकार आहे असे धरतात. आपण उभे राहिलो की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पाय आणि पोटाकडे उतरते. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिन्यांत प्रेशर ओळखणाऱ्या जागा असतात. त्या मेंदूला खबर देतात. मग स्वायत्त मज्जासंस्था रक्तवाहिन्या आवळते, नाडी वाढवते. हे सारे काही सेकंदांत, आपल्या नकळत होते. अण्णांचे प्रेशर एवढे उतरूनही नाडी जेमतेम चार ठोक्यांनी वाढली. म्हणजे निरोप नेणाऱ्या नसाच थकल्या होत्या.

का थकल्या? अण्णांना वीस वर्षांची शुगर होती. शुगर पायाच्या नसा खाते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती या आतल्या नसाही खाते. पार्किन्सनच्या कंपवातातही असेच होते. त्यात भर म्हणजे अण्णांना प्रेशरची एक गोळी आणि प्रोस्टेटची एक गोळी चालू होती, आणि दोन्ही प्रेशर उतरवणाऱ्या! जुलाब, उन्हातले कष्ट, कमी पाणी यांनीही हा त्रास होतो. हा आजार काही नवा नाही. १९२५ साली ब्रॅडबरी आणि एगल्स्टन या दोन डॉक्टरांनी अशा तीन रोग्यांची हकीकत लिहून ठेवली आहे.

बाईंनी एक गोळी बदलली, दुसरीची वेळ बदलली. मग आम्हाला शिकवले. उठण्याआधी अंथरुणातच पाय हलवावेत. काठावर दोन मिनिटे बसावे, मगच उभे राहावे. उठण्यापूर्वी दोन पेले पाणी प्यावे. एकदम पोटभर न जेवता थोडेथोडे जेवावे, कारण जेवणानंतरही प्रेशर उतरते. रात्री लघवी बसून करावी. पलंगाची उशाकडची बाजू विटा लावून उंच करावी. अंधारी आली तर पायाला पायाची अढी घालून मांड्या आवळाव्यात, नाहीतर सरळ खाली बसावे. मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना ते घातक ठरते.

नसा पूर्ववत होणार नाहीत, हे बाईंनी स्पष्ट सांगितले. पण अण्णांचे पडणे थांबले आहे. आता ते सभेलाही जातात, फक्त उठायला दोन मिनिटे जास्त घेतात.

तेव्हा घरातल्या आजी-आजोबांना चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, "निजवून आणि उभं करून प्रेशर बघा." गोळ्या मनाने बंद करू नका. सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून सोबत न्या. छातीत दुखून चक्कर आली, एक अंग लुळे पडले किंवा काळी शौचास झाली, तर क्षणाचाही विलंब न करता इस्पितळ गाठा. आणि रस्त्यात एखादे म्हातारे माणूस पडलेले दिसले, तर तोंडाचा वास घेण्याआधी त्याला आडवे निजवा, त्याचे पाय उंच धरा. कुणाची अब्रूही त्याच्याबरोबर पडत असते, ती सावरणे आपल्या हाती आहे.