आवाज करायची जागा

परीक्षा संपली की आमच्या घरात प्रश्न उभा राहायचा तो आवाजाचा. बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली, आम्ही सहा चुलत भावंडं आणि तिसऱ्या पाळीहून येऊन भिंतीकडे तोंड करून झोपलेले काका. काका साचेवाले. रात्रभर गिरणीच्या खडखडाटात उभ्या राहणाऱ्या या माणसाची झोप आमच्या नुसत्या खुसखुशीनं मोडायची. मग काकी पदर खोचून दाराकडे बोट दाखवायची, "जा, केंद्रात जाऊन काय तो धिंगाणा घाला!"

केंद्र म्हणजे कामगार कल्याण केंद्र. १९५३च्या कायद्यानं कामगार कल्याण निधी उभा राहिला. जून आणि डिसेंबरच्या पगारातून त्यासाठी थोडे पैसे कापले जायचे. त्यामुळे "फुकटचं नाही हो, आमच्याच पगारातलं आहे," असं काकी शेजारणींना ठसक्यात सांगायची.

सुट्टीत तिथं लेझीम असे, चित्रकला, कागदकाम असे. बायकांच्या शिवणवर्गातल्या चिंध्या गोळा करून थोरली बाहुल्या करायची. पण आमचा सगळा जीव कॅरमवर. बोर्ड एकच आणि हरला तो उठला. एका कोपऱ्याची जाळी फाटलेली, म्हणून धाकटीला त्याखाली ओंजळ धरून बसवलेलं. तिची खेळायची पाळी यायची सगळ्यांत शेवटी, पण सोंगटी ओंजळीत पडली रे पडली की "आली!" अशी आरोळी ठोकायचा मान तिचा. राणी असली तर ती उठून नाचायची. बोरिक पावडरनं तिचे केस पांढरे व्हायचे, आणि घरी जाताना आम्ही तिला "आजी" म्हणून चिडवायचो. चाळीचा जिना आला की मात्र सगळ्यांचे आवाज आपोआप खाली यायचे.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. मे महिन्यापर्यंत चाळीतली कितीतरी बिऱ्हाडं गावाला गेली होती. आता काका रात्री झोपायचे, निदान पडून तरी राहायचे, आणि दिवसभर खिडकीशी बसायचे. खोलीत कितीही ओरडलं तरी कुणाची झोप मोडणार नव्हती. तरी आम्ही कुजबुजतच बोलायचो. एका दुपारी काकांनीच मान वळवली.

"एवढे गप्प का रे? केंद्र बंद आहे का?"