दोन बोटं खाली

गाडी खाली बसवणाऱ्या पोरांसाठी माझ्याकडे बरीच वर्षं एकच प्रश्न तयार असे. ज्या कंपनीने गाडी घडवली, तिच्या इंजिनिअरांपेक्षा तुम्ही शहाणे का? चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, खुद्द भाच्याच्या तोंडावर मी तो टाकलेला आहे. उत्तर येत नसे, म्हणून तो मला बिनतोड वाटे. आज माझी स्वतःची पालिओ कारखान्यातून निघाली त्यापेक्षा सुमारे अडीच सेंटिमीटर खाली आहे. पुढच्या चाकाच्या आणि मडगार्डच्या मध्ये चार बोटं जायची, आता दोन-अडीच जातात. आणि ती तशीच राहणार आहे.

पालिओ म्हणजे फियाटची. 2001 साली ती आपल्याकडे आली तेव्हा कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची आणि जाहिरातीत सचिन तेंडुलकर असायचा. नाकाडोळ्यांचा नवा साज इटालियन डिझायनर जुजारोचा. माझी 1.6, म्हणजे 1596 सीसीचं, 100 अश्वशक्तीचं इंजिन. ॲव्हरेजबद्दल कोणी विचारलं तर मी विषय बदलतो. पण बॉडी अशी दणकट की दार लावल्याचा आवाज ऐकून शेजारी माझं येणं ओळखतात.

तिचे शॉकअप संपले, तिथून हे सुरू झालं. ते एका दिवसात संपत नाहीत, हीच अडचण. झिजतात तसतसा आपला पाय, हात आणि पोट त्याला सरावत जातात. माझ्या गॅरेजच्या मेस्त्रींनी पुढचा कोपरा दाबून सोडला, गाडी वर आली, खाली गेली, परत वर आली. "साहेब, हिला थांबवणारं आत काही उरलेलं नाही," ते म्हणाले. कंपनीचे मूळ शॉकअप मिळेनात, जे मिळाले ते वर्षानुवर्षं गोदामात पडून सील सुकलेले. म्हणजे बाहेरच्या कुठल्यातरी कंपनीचं सस्पेन्शन निवडणं भागच होतं. भाच्याला आयती संधी मिळाली. "मामा, निवडायचंच आहे तर नीट निवड ना."

त्याच्या आग्रहाने मी एका मित्राच्या बसवलेल्या जुन्या गाडीत मागे बसून कात्रजच्या घाटातून आलो. हाडं मोजून घेईन अशी तयारी होती. खड्ड्यांचा दणका जाणवत होता, पण तो एकदाच. वळणावर आणि ब्रेकवर माझ्या गाडीची जी लाट उठते, ती तिथे नव्हतीच. उंच, आरामशीर म्हणून मी जिचं कौतुक करत होतो ती माझी गाडी आरामशीर नव्हती, नुसती सैल झाली होती. उंची आणि आराम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या घाटात ध्यानात आलं. स्प्रिंग वजन पेलते आणि धक्का साठवते; तो साठवलेला धक्का जिरवायचं काम शॉकअपचं. स्प्रिंग कडक करून शॉकअप जुनाच ठेवला, तर गाडी उड्या मारणारच. रस्त्यात दिसणाऱ्या बहुतेक बसवलेल्या गाड्या त्याच जातीच्या असतात, आणि माझं मत त्यांना पाहूनच बनलं होतं.

ग्राइंडरने स्प्रिंगचा वेढा कापणाऱ्यांबद्दल मात्र मत तसूभर बदललेलं नाही. सहा वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग साधारण वीस टक्के कडक होते, कारण कडकपणा वेढ्यांच्या संख्येच्या उलट प्रमाणात असतो. इथवर ठीक. पण कापलेलं टोक सीटवर नीट बसत नाही आणि जॅकवर उचलली की स्प्रिंग जागेवर सैल होऊन खडखडते. गॅसने तापवून स्प्रिंग बसवणारे तर पोलादाला दिलेलं पाणीच उतरवतात. वेगळी स्प्रिंग हवी तर ती मुळातून वेगळी बनवावी लागते. तारेची जाडी 12 वरून 13 मिलिमीटर केली, तर बाकी सगळं तेच ठेवून कडकपणा जवळजवळ 38 टक्क्यांनी वाढतो, कारण जाडीचा चौथा घात लागतो. एक मिलिमीटर म्हणजे किती, हे हा हिशेब केल्याशिवाय कळत नाही.

मग मी पिटात उतरलो. पालिओला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, बहुतेक लहान गाड्यांना असतो तसा. खाली एक लोअर आर्म, वर स्ट्रट. माझ्या गाडीचे दोन्ही लोअर आर्म चाकाकडे चांगलेच उतरते होते. मेस्त्री म्हणाले, "आपल्या रस्त्यांसाठी उचललेली गाडी अशीच दिसते." परदेशी आराखड्याच्या गाड्या इथे आणताना त्या वर उचलण्याची पद्धत तशी जुनीच. माझ्या बिनतोड प्रश्नाला पहिला तडा तिथे गेला. कंपनीचे इंजिनिअर शहाणे होतेच, पण त्यांनी ती उंची माझ्यासाठी ठरवली नव्हती. पाच माणसं, डिकीभर सामान, कच्चा रस्ता आणि हवा तसा रचलेला स्पीडब्रेकर, एवढ्यांना एकाच गाडीत सांभाळायचं होतं त्यांना. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 सालच्या आय.आर.सी. 99 प्रमाणे स्पीडब्रेकर 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच आणि 17 मीटर त्रिज्येचा, म्हणजे हलकेच चढून उतरणारा असायला हवा. आमच्या सोसायटीसमोरचा कोणत्या त्रिज्येचा आहे ते तो रचणाऱ्या गवंड्यालाच ठाऊक. कंपनीने गाडी त्या गवंड्याला धरून उचलली. मी बहुतेक वेळा एकटा असतो, फार तर बायको सोबत, आणि तो स्पीडब्रेकर मी तिरका घेतो.

आता उलट बाजू, कारण भाच्याच्या मित्रमंडळींना ही कोणी सांगितलेली नाही. गाडी खाली आणली की वळणावर ती कमी झुकेल, असं सगळे धरून चालतात. गुरुत्वमध्य जमिनीपासून 55 सेंटिमीटरवर असेल आणि तुम्ही 3 सेंटिमीटर उतरलात, तर वळणावर आतल्या चाकावरून बाहेरच्या चाकावर जाणारं वजन जेमतेम साडेपाच टक्क्यांनी घटतं. बस्स. पण मॅकफर्सन स्ट्रटमध्ये बॉडी ज्या बिंदूभोवती झुकते तो रोल सेंटरही खाली जातो, आणि लोअर आर्म उलटा चढू लागला की तो बॉडीपेक्षा वेगाने खाली जातो. म्हणजे गाडी खाली आणि झुकण्याचा तरफदांडा लांब. त्याच स्प्रिंगवर ती पूर्वीपेक्षा जास्त झुकेल. ते लपवायला आणखी कडक स्प्रिंग, मग आणखी कडक शॉकअप, आणि शेवटी बंप स्टॉपच्या रबरावर चालणारी गाडी. ते रबर स्ट्रटमध्ये शेवटच्या क्षणासाठी असतं, बैठकीसाठी नव्हे. शिवाय आर्म उलटा गेला की चाक वर दबताना कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, नको त्या दिशेला सरकतो आणि टायर बाहेरच्या कडेवर येतो.

माझ्या आर्मना मात्र आडवं होईपर्यंत जागा होती. ती जागा अडीच सेंटिमीटरच्या आसपास निघाली. म्हणून अडीच. फोटो पाहून ठरवलेला आकडा नाही हा.

कोणता संच घ्यायचा यावर घरात बरीच चर्चा झाली. बायकोचं एकच म्हणणं, संचाची किंमत गाडीच्या आजच्या किमतीहून कमी तरी असू दे. भाच्याला कॉइलओव्हर हवे होते, म्हणजे आटे पाडलेल्या नळीवर चढलेली स्प्रिंग, रिंग फिरवून उंची हवी तशी. ब्राझीलमध्ये पालिओ याच पद्धतीने बसवतात. तिथे ती 2014 साली देशातली सर्वाधिक खपाची गाडी होती, त्यामुळे सुटे भाग उदंड. गंमत म्हणजे तिथल्या सरकारने नियमही करून टाकला आहे. लहान गाडी जमिनीपासून 10 सेंटिमीटरच्या खाली नको, आणि स्टेअरिंग पूर्ण वळवलं तरी टायर कुठे घासता कामा नये. एवढा साधा, मोजपट्टीने तपासता येणारा नियम मला हेवा वाटण्याजोगा वाटतो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, आणि कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये बजावलेलं आहे. आर.सी.वर उंचीचा रकाना नाही म्हणून मोकळं सुटलो, असं मी मानत नाही. विमा कंपनीला लेखी कळवलं, पोच जपून ठेवली आहे.

कॉइलओव्हर मी घेतले नाहीत. पुण्यातला पाऊस, कोकणातला चिखल आणि उघडे आटे, दोन पावसाळ्यांत रिंग जागची हलणार नाही. शिवाय उंची फिरवता येते म्हटल्यावर माणूस ती फिरवतोच. मी एका ठरलेल्या उंचीच्या, किंचित कडक स्प्रिंग आणि त्यांच्याच मापाचे, दांडा आखूड असलेले शॉकअप असा जोड घेतला. आणि त्याआधी, यावर मेस्त्री अडून बसले होते, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, लिंक रॉड आणि वरची स्ट्रट माउंटिंग बदलली. जुन्या गाडीत निम्मा फरक या रबरांनीच पडतो असं माझं मत झालं आहे. भाच्याने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं, रबराचा फोटो काय काढणार!

काम झाल्यावर गाडी थोडी चालवून, स्प्रिंगा बसल्या की मगच अलाइनमेंट केलं. उंची बदलली की टो-इन, म्हणजे चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा, बदलतोच. ते न करता फिरलो असतो तर टायर आतून गेले असते. चालवताना ती आधी परकी वाटली. आता स्टेअरिंग हलवलं की आधी नाक वळतं, अंग मागून येत नाही. तोटेही आहेत. पेव्हर ब्लॉकच्या गल्लीत गाडी बोलते. मागे तिघं आणि सामान घेऊन चिपळूणला जायचं तर बायकोची गाडी काढावी लागते, कारण भरलेल्या पालिओचा चेंबर आणि सायलेन्सर घाटातल्या प्रत्येक दगडाची चौकशी करतात. हे मी आधीच कबूल केलेलं होतं, तेव्हा तक्रार नाही.

परवा भाचा येऊन चाकाभोवती फिरला आणि म्हणाला, "मामा, अजून एक बोट सहज जाईल." मी कागद घेऊन आर्म काढला, रोल सेंटर काढला, आर्म आडव्या रेषेच्या पलीकडे गेल्यावर काय होतं ते दाखवलं. त्याने शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "त्यासाठी बॉल जॉइंटला स्पेसर मिळतो. आर्मचं टोक परत खाली येतं." त्याचा अभ्यास आता माझ्या पुढे गेला आहे, हे मान्य. पण चाक जिथे गाडीला धरलेलं असतं नेमक्या त्याच सांध्यात कोणीतरी लेथवर काढलेला तुकडा घालून वरंधा घाट उतरायचा नाही, हे मत बदलायला मला आणखी बरीच कारणं लागतील.