घाटघर ते दुबई : थाटाच्या सहलीची घरची तयारी

जुन्नरहून पश्चिमेची वाट धरली की चावंड किल्ला मागे पडतो, माणिकडोह धरणाचे पाणी थोडा वेळ सोबत करते आणि तीसेक किलोमीटरवर घाटघर लागते. भातखाचरे, हिरड्याची झाडे, जीवधन किल्ला आणि त्याला लागून उभा असलेला वानरलिंगीचा सुळका, हा या गावाचा शेजार. त्यापुढे नाणेघाटाचा माथा आणि खाली एकदम कोकण. सोपारा आणि कल्याण या बंदरांतून वर येणारा माल दोन हजार वर्षांपूर्वी याच घाटाने जुन्नरला आणि तिथून पैठणकडे जात असे. घाटातल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आजही पाहायला मिळतो. माथ्यावर मोठा दगडी रांजण आहे. व्यापारी त्यात जकात टाकत, असे लोक सांगतात.

वाचकहो, थोडे त्या व्यापाऱ्यांच्या जागी उभे राहून पाहा. घाट चढण्याआधी जनावरांचा चारा, माणसांची शिदोरी आणि जकातीचे नाणे ही तयारी ज्याने केली असेल, त्याला माथ्यावरचा वारा गोड लागला असेल. ज्याने केली नसेल, त्याला तो वारा कितीही गार असला तरी बोचलाच असेल.

आज आपल्या भागातली माणसे उलट दिशेने, पश्चिमेच्या समुद्रापलीकडे सहलीला निघू लागली आहेत. द्राक्ष-टोमॅटोच्या पट्ट्यात एखादे वर्ष बरे गेले की घरात विषय निघतो, "यंदा दुबई करू या." त्यात गैर काही नाही. जन्मभर उन्हात राबलेल्या माणसाने चार दिवस गार खोलीत, मऊ गादीवर काढले तर कोणाचे काय गेले? मात्र अशा थाटाच्या सहलीचे सुख तिकडच्या हॉटेलात कमी आणि आपल्या ओटीवर जास्त ठरते. घरी तयारी नीट झाली तर पैसा सार्थकी लागतो. ती चुकली तर पैसा तर जातोच, वर परक्या मुलखात नसते संकट उभे राहते.

केव्हा जावे

दुबई वाळवंटातले शहर आहे. मे ते सप्टेंबर तिथे पारा चाळिशीच्या वर असतो आणि समुद्राची दमट हवा जीव नकोसा करते. त्या महिन्यांत हॉटेले स्वस्त मिळतात ती याचमुळे. फिरायला बरे दिवस म्हणजे नोव्हेंबर ते मार्च.

आता हे आपल्या शेतीशी जुळवून पाहा. घाटघरकडचा भातकरी कार्तिकात कापणी-झोडणी उरकून मोकळा होतो, त्याला हा हंगाम सोयीचा. द्राक्षवाल्याची ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे महिने बाग सोडवत नाही. त्याने तोडणी संपताच, एप्रिलच्या खरड छाटणीआधी आठवडा काढावा. टोमॅटोवाल्याचे आणखी वेगळे. २०२३ च्या जुलैत भाव चढले तसे कधी चढले तर हातात पैसा ऐन पावसाळ्यात येतो, आणि तेव्हा दुबई भाजत असते. अशा वेळी पैसा बँकेत ठेवीत टाकावा आणि डिसेंबरात निघावे. चार महिने थांबल्याने हौस कमी होत नाही, उलट हिशेबाला वेळ मिळतो.

आकाशाकडेही लक्ष असू द्यावे. १६ एप्रिल २०२४ रोजी दुबईत एका दिवसात वर्षभराहून अधिक पाऊस झाला. घाटघरला आषाढात तेवढ्या पावसाने कोणी इरले खाली ठेवत नाही. तिथे मात्र रस्ते बुडाले, विमानतळ तुंबला आणि प्रवासी अडकून पडले. जून २०२५ मध्ये आखातातील लढाईमुळे काही तास विमानांचे मार्गच बंद झाले होते. म्हणून तिकीट काढण्याआधी आणि निघण्याआधी परराष्ट्र खात्याची सूचना पाहावी, आणि परतीच्या दुसऱ्याच दिवशी घरी लग्न किंवा बँकेची तारीख ठेवू नये.

कागदपत्रे

पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेपासून निदान सहा महिने शिल्लक हवी. नाव आणि आडनाव दोन्ही नीट छापलेले आहे का पाहा. नुसतेच एक नाव असलेल्या पासपोर्टवर सहलीचा व्हिसा देण्यास अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून हरकत घेतली आहे. आपल्याकडे घरच्या लक्ष्मीचे आधारवर सासरचे नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचे आणि बँकेत तिसरेच, असे सर्रास असते. ही दुरुस्ती आठ दिवसांत होत नाही. सहा महिने आधी हात घालावा.

व्हिसा निघण्याआधीच काढावा लागतो. तो साधारणपणे ३० किंवा ६० दिवसांचा असतो आणि विमान कंपनी, हॉटेल किंवा प्रवासी कंपनीमार्फत मिळतो. मुदतीपेक्षा जास्त राहिल्यास दिवसाला ५० दिऱ्हॅम दंड आहे. परतीचे तिकीट, हॉटेलची नोंद आणि प्रवास विमा यांच्या कागदी प्रती पिशवीत ठेवा. मोबाइलची बॅटरी संपली तर कागदच उपयोगी पडतो.

आणखी एक गोष्ट ठळक लक्षात ठेवावी. "सहलीच्या व्हिसावर पोराला घेऊन जा, तिथे नोकरी लावून देतो," असे सांगणारा कोणी भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. सहलीच्या व्हिसावर काम करणे हा तिथे गुन्हा आहे. अशा पोराला ना पगाराची खात्री, ना तक्रारीचा हक्क. नोकरीसाठी जायचे तर सरकारी परवाना असलेल्या भरती एजंटाकडूनच जावे, आणि परराष्ट्र खात्याच्या ई-मायग्रेट व्यवस्थेत त्याचे नाव तपासून मगच पैशाचे बोलावे.

शिदोरीत काय नसावे

आपण जुन्नर-आंबेगावची माणसे. प्रवास म्हटला की डबे भरायला लागतो. पण दुबईला जाताना डबा भरण्यापूर्वी एक शब्द पाठ करा : खसखस. आपल्याला ती अनारशाला, लाडवाला, काळ्या मसाल्याला आणि मासवडीच्या सारणाला लागते. अमिरातीत मात्र खसखस आणणे कायद्याने बंद आहे, कारण ती अफूच्या बोंडातली. तिथला अंमली पदार्थांचा कायदा कडक आहे, आणि "आमच्याकडे सणाला घालतात" हे उत्तर तिथे चालेलच असे नाही. म्हणून आजीबाईंनी प्रेमाने बांधून दिलेले अनारसे आणि घरचा मसाला घरीच ठेवावा. तिथे राहणाऱ्या लेकीसाठी न्यायचेच असेल तर खसखस न घालता वेगळे करावे.

विड्याची पानेही नेता येत नाहीत. गुटखा, तंबाखूची पुडी, मशेरीची डबी यांना घरीच रामराम करावा. रस्त्यावर थुंकले तर दंड होतो आणि मेट्रोत नुसते खाल्ले-प्यायले तरी १०० दिऱ्हॅम दंड आहे.

औषधांचेही असेच आहे. साखर, रक्तदाब यांच्या नेहमीच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत ठेवाव्या. कोडीन असलेले खोकल्याचे औषध, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि काही झोपेच्या गोळ्या यांवर तिथे निर्बंध आहेत. अशी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी विचारा आणि अमिरातीच्या आरोग्य खात्याची परवानगी घेऊनच न्या. घाटघरचा हिरडा पोटाला उत्तम. पण पुरचुंडीत बांधलेली तपकिरी पूड पाहून परक्या मुलखातल्या कस्टमच्या माणसाने काय समजावे? तीही राहू द्या.

आणि कोणीही, अगदी ओळखीच्या माणसानेसुद्धा, "एवढे पाकीट तेवढे माझ्या भाच्याला द्या" म्हटले तर हात जोडा. आत काय आहे ते तुम्हाला माहीत नसते. पकडले गेल्यावर मात्र ते तुमचेच असते.

पैशाचा हिशेब

एके काळी दुबईच्या बाजारात आपला रुपयाच चाले. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या आणि १९६६ पर्यंत तिथले व्यवहार त्यांत होत. १९७१ मध्ये संयुक्त अरब अमिराती हे राष्ट्र झाले आणि १९७३ पासून दिऱ्हॅम आला. त्याची किंमत डॉलरला बांधलेली आहे : एका डॉलरला ३.६७२५ दिऱ्हॅम. म्हणजे डॉलर महागला की तुमची सहलही महागते.

तिथे प्रत्येक किंमत मनातल्या मनात रुपयात करून पाहण्याची सवय ठेवा. उदाहरणापुरता दिऱ्हॅमचा भाव २४ रुपये धरला तर एका माणसाचे १०० दिऱ्हॅमचे जेवण २,४०० रुपयांना पडते. हॉटेलात खोलीच्या भाड्याशिवाय रोजचा पर्यटन आकार लागतो आणि आगाऊ अनामतही मागतात. ही रक्कम वेगळी धरावी. रोख भारतीय चलन २५,००० रुपयांपर्यंतच बाहेर नेता येते, बाकीचे बँकेच्या परकीय चलन कार्डावर घ्यावे.

प्रवासी कंपनी परदेशी सहलीच्या रकमेवर टीसीएस नावाचा कर कापून घेते. त्याचा दर बदलत असतो, तो चालू वर्षाचा विचारून घ्यावा. शेतीचे उत्पन्न करमुक्त असल्याने आपल्यातले अनेक जण विवरणपत्र भरत नाहीत. पण हा कापलेला पैसा परत हवा असेल तर विवरणपत्र भरावेच लागते. त्यासाठी पॅन कार्ड द्यावे आणि कापल्याचा दाखला मागून घ्यावा.

सहलीसाठी कर्ज काढू नये, आणि पीककर्जाला तर हातच लावू नये. पीककर्जावर सहल करणे म्हणजे बियाणे दळून भाकरी खाणे. त्यापेक्षा पाच रात्रींपैकी चार साध्या, स्वच्छ हॉटेलात काढाव्या आणि शेवटची एक रात्र पंचतारांकित ठिकाणी. थाट काय असतो ते एका रात्रीतही कळते. फिरायला मेट्रो उत्तम. ती २००९ साली सुरू झाली. तिच्यात बायका-मुलांसाठी वेगळी जागा आहे. ८२८ मीटर उंचीचा बुर्ज खलिफा पाहायचा तर तिकीट आधी काढावे. सूर्यास्ताच्या वेळेचे तिकीट महाग असते, सकाळचे स्वस्त.

सोन्याबद्दल दोन शब्द. अंगावर दागिने घालून जाणार असाल तर जातानाच मुंबईच्या विमानतळावर कस्टमकडे त्यांची नोंद करून दाखला घ्यावा, म्हणजे परतताना वाद होत नाही. तिथे सोने स्वस्त म्हणून पिशवी भरून आणण्याचा मोह नको. दागिन्यांची खास सवलत एक वर्षाहून अधिक काळ परदेशी राहिलेल्यांसाठी आहे, आठवड्याच्या पाहुण्यासाठी नाही.

शरीराची आणि घराची सोय

बाहेर ऊन आणि आत दुकाना-मेट्रोत कडक गारवा, असा तिथला कारभार. तेव्हा वाळवंटात जातानाही स्वेटर नाही तर शाल बरोबर हवीच. चालणे पुष्कळ होते म्हणून वापरून सैल झालेले बूट घाला, नवे नकोत. म्हाताऱ्या माणसांसाठी विमान कंपनीला आधी कळवले तर विमानतळावर चाकाची खुर्ची मिळते. वाळूच्या टेकड्यांवरून उड्या घेत जाणाऱ्या गाडीत गरोदर बाईने, पाठीच्या किंवा हृदयाच्या दुखण्याच्या माणसाने बसू नये. परक्या बायामाणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. वॉट्सॲपवर निरोप आणि चित्रे जातात, पण त्यावरून बोलणे तिथे सहसा चालत नाही. घरी हे आधी सांगून ठेवा, नाही तर फोन आला नाही म्हणून म्हातारी रात्रभर जागी राहील.

मागे राहणाऱ्यांचीही व्यवस्था लावा. धारा कोण काढणार, डेअरीचे पुस्तक कोणाकडे, पंपाची पाळी कोण सांभाळणार, हे कागदावर लिहून भावकीतल्या एकाकडे द्या. जुन्नर तालुक्यात बिबट्याचा वावर आहे. गोठ्याचे दार आणि अंगणातला दिवा नीट करूनच निघावे.

एक गोष्ट मात्र तिथे आवर्जून पाहावी. दुबईला आपल्यासारखी नदी नाही. पिण्याचे पाणी समुद्रातून घेऊन, त्याचा खारटपणा काढून नळाला सोडतात. घाटमाथ्यावर धो धो पाऊस पडतो आणि चैत्र-वैशाखात वाड्यावस्त्यांवर बाया हंडा घेऊन पाण्यामागे फिरतात. हॉटेलातल्या नळाखाली हात धरताना हे मनात आले, तर सहलीतून खरेदीपेक्षा मोठे काही घेऊन तुम्ही परताल.

एवढी तयारी एका दिवसाची नाही. तरी सुरुवात आज रात्रीच करता येईल. जेवणे झाली की ट्रंकेतले पासपोर्ट काढा, एकेकाची मुदत आणि नावाचे अक्षर न् अक्षर दिव्याखाली वाचा, आणि ज्याच्याकडे पासपोर्टच नाही त्याचे नाव कागदावर पहिले लिहा.