विमानातली थंडी आणि सासूबाईंचा स्वेटर

"विमानात फार थंडी असते हं!" नणंदेच्या बाळंतपणासाठी सासूबाईंना घेऊन शिकागोला जायचं ठरलं, तेव्हापासून हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलं त्याला गणतीच नाही. दांडिया बाजारातल्या एका काकूंनी स्वतः विणलेली कानटोपी आणून दिली. दिराने फोनवरून बजावलं, "वहिनी, आईला गारठा सोसत नाही, आतून थर्मल घालायला लाव." मे महिना, बडोद्यात ४२-४३ डिग्री, आणि मी थर्मलच्या शोधात बाजार पालथा घालत होते. शेवटी एका दुकानदाराने वरच्या फळीवरून धूळ झटकत खोकं काढलं आणि विचारलं, "बेन, मनाली जाओ छो?"

सासूबाई तेव्हा ७४ वर्षांच्या. रक्तदाबाची गोळी सोडली तर प्रकृती ठणठणीत. परदेश प्रवास पहिलाच. साडीच नेसणार, हे त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. तेव्हा साडीच्या आत थर्मल, वरून पूर्ण बाह्यांचा लोकरी स्वेटर, त्यावर शाल, पायात मोजे असा सगळा बंदोबस्त मी केला. तोही मोठ्या अभिमानाने. या लेखात पुढे जे सांगायचं आहे त्यात माझाच दोष जास्त आहे, म्हणून हे आधीच कबूल करून टाकते.

एक्सप्रेस-वेने अहमदाबाद गाठलं. पहाटेचं विमान, तरी हवेत दिवसभराची धग होती. विमानात शिरलो तर आत बाहेरपेक्षा जास्त उकाडा. सगळे हातातल्या बोर्डिंग पासने वारा घेत होते. "हीच का ती थंडी?" सासूबाईंनी मला हळूच विचारलं.

हा उकाडा का होतो, हे मी नंतर समजून घेतलं. बहुतेक विमानांत केबिनची हवा इंजिनातून येते. इंजिन बाहेरची हवा दाबून आत घेतं, दाबली की ती भयंकर तापते, मग तिला थंड करून केबिनमध्ये सोडतात. निम्मी हवा अशी ताजी आणि निम्मी केबिनमधलीच, गाळून पुन्हा फिरवलेली. विमान जमिनीवर उभं असतं तेव्हा मोठी इंजिनं बंद असतात. मग शेपटीतल्या छोट्या इंजिनावर नाहीतर बाहेरून जोडलेल्या पाइपावर काम भागवावं लागतं. दारं उघडी, सामान चढतंय, आणि आत तीनशे माणसं. नुसता बसलेला माणूससुद्धा साधारण १०० वॅटच्या जुन्या बल्बएवढी उष्णता बाहेर टाकत असतो. असे तीनशे बल्ब एका बंद नळीत लावले तर काय होईल? म्हणून बोर्डिंगच्या रांगेत सगळ्यात पुढे उभं राहायची आपली जी धडपड असते, ती म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाताना तरी सोडावी. अर्थात व्हीलचेअर घेतली असेल तर आधी बसवतातच. अशा वेळी खिडकीची झापडं खाली ओढून घ्यायची आणि गरम कपडे अजिबात चढवायचे नाहीत.

आखातातल्या विमानतळावर विमान बदललं. पुढचा प्रवास चौदा तासांहून जास्त. तीन सीटांची रांग होती. खिडकीची जागा मी घेतली. ढग बघायचा मोह, दुसरं काय! सासूबाई मध्ये आणि कडेला एक भले थोरले गृहस्थ. विमान वर गेलं आणि तासाभरात माझे पाय बर्फ झाले. समोरच्या पडद्यावर बाहेरचं तापमान उणे ५४ दाखवत होतं. 'लोक खरंच सांगत होते,' असं म्हणत मी सासूबाईंना स्वेटर घातला, शाल गुंडाळली, वरून विमानातलं ब्लँकेट गळ्यापर्यंत ओढलं आणि त्यावरूनच पट्टा लावला. "बरं वाटतंय ना आई?" "हो गं, तू झोप आता." मी झोपले.

त्या रांगेत दोन वेगवेगळे ऋतू चालू होते, हे माझ्या लक्षातच आलं नाही. खिडकीची जागा विमानाच्या बाहेरच्या अंगाला चिकटून. आत कितीही अस्तर असलं तरी ती भिंत गारच. त्यात केबिनची हवा छताकडून सुटते आणि भिंतीलगत खाली उतरून पायाशी असलेल्या जाळ्यांतून बाहेर जाते, त्यामुळे खिडकीपाशी पावलं गारठतात. दारांजवळच्या जागाही अशाच थंड. त्या जागी पाय लांब करायला मिळतात म्हणून आपण मुद्दाम मागून घेतो आणि मग रात्रभर कुडकुडतो. याउलट मधली जागा म्हणजे दोन्ही बाजूंना माणूस, वाऱ्याला वाटच नाही. केबिनचं तापमान सहसा २२ ते २४ डिग्रीच्या आसपास ठेवलेलं असतं. बडोद्याच्या माणसाला ते एरवी सुखाचंच वाटेल. त्यात थर्मल, ब्लाउज, साडी, लोकरीचा स्वेटर, शाल आणि ब्लँकेट!

पाच-सहा तासांनी मला जाग आली ती सासूबाईंची सीट रिकामी दिसली म्हणून. कडेचे गृहस्थ स्वतः उठले होते, ती संधी साधून त्या टॉयलेटकडे निघाल्या होत्या. मी उठून मान वर करते तोच पुढच्या पडद्यापाशी गडबड झाली. त्या पडद्याला धरून खाली बसत होत्या. खरं तर कोसळतच होत्या, हवाईसुंदरीने खांद्याला धरलं म्हणून डोकं वाचलं.

मी पोचले तेव्हा त्या जमिनीवर आडव्या होत्या, चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. विमानात डॉक्टर आहे का, अशी घोषणा झाली. ही घोषणा आपल्या माणसासाठी असते तेव्हा कशी ऐकू येते, ते सांगता येत नाही. खाली ग्रीनलँडच्या आसपासचा बर्फ, उतरायला जागा कुठे, आणि मी यांच्या लेकीला काय सांगणार?

एक तरुण डॉक्टर मुलगी आली. नाडी पाहिली, रक्तदाब मोजला, पाय उंच करायला सांगितले आणि मग सासूबाईंचा स्वेटर उघडायला गेली. तो डोक्यावरून काढायचा. त्याखाली आणखी थर्मल. तिने माझ्याकडे पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, "यांना किती कपडे घातलेत?" मी मोजून सांगितले. ती काहीच बोलली नाही. ते जास्त लागलं.

स्वेटर निघाला, मानेवर ओला रुमाल ठेवला, थोड्या वेळाने थोडं थोडं पाणी आणि संत्र्याचा रस दिला. पंधरा-वीस मिनिटांत चेहऱ्यावर रंग आला. डॉक्टरने मग नीट समजावलं. अंग तापलं की उष्णता बाहेर टाकायला कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. तासन्‌तास बसून रक्त पायांत साचलेलं असतं. रक्तदाबाची गोळी चालू, पोटात पाणी कमी. केबिनमधल्या हवेचा दाबही जमिनीवरच्यासारखा नसतो. सहा ते आठ हजार फुटांवर, म्हणजे सिमला-मसुरीच्या उंचीवर बसल्यासारखं असतं ते, प्राणवायू थोडा कमीच मिळतो. अशा वेळी माणूस एकदम उठला की डोक्याकडे रक्त कमी पडतं आणि चक्कर येते. विमान प्रवासात प्रकृती बिघडण्याचे जे प्रसंग येतात, त्यांत अशा चक्करेचा क्रमांक पहिला आहे.

जागेवर परतल्यावर मी विचारलं, "आई, उकडत होतं का?"

"दोन तासांपासून."

"मग सांगितलं का नाही?"

"तू झोपली होतीस. आणि त्या माणसाला किती वेळा उठवायचं? म्हणून पाणीही नाही मागितलं."

हे उत्तर तुमच्यापैकी अनेकांना आपल्या घरातलंच वाटेल. आपली आधीची पिढी जरा काही झालं की 'कशाला त्रास द्यायचा' म्हणून गप्प बसते, आणि तिकिटाचे पैसे मुलाने भरलेले असले तर मग विचारायलाच नको. त्यात वयाबरोबर तहान कमी जाणवते, थंडी-उकाड्याची जाणीवही बोथट होते. तेव्हा "बरं वाटतंय ना?" हा प्रश्न निरुपयोगी आहे. त्याला 'हो' हेच उत्तर येतं. मानेला मागून हात लावून बघावा. घामेजली असेल तर एक कपडा कमी. कडेवरच्या बाळाचंही हेच. त्याचे हात-पाय गारच लागतात, त्यावरून अंदाज न बांधता मान नाहीतर छाती बघायची.

आणखी एक गंमत मला उशिरा कळली. केबिनमधली हवा फार कोरडी असते, आर्द्रता कधी कधी १०-२० टक्क्यांवर येते. आपल्याकडे मे महिन्यात कूलर आणि माठ का चालतात? हवा कोरडी, म्हणून पाणी भराभर उडतं आणि गारवा देतं. विमानात तो माठ म्हणजे आपणच. घाम येतो आणि दिसायच्या आत उडून जातो. म्हणून काही जणांना २३ डिग्रीतही हुडहुडी भरते, आणि पाणी किती गेलं ते कळत नाही. घसा, डोळे कोरडे पडतात ते त्यामुळेच.

परतीच्या प्रवासाची तयारी मी वेगळी केली. नातीला मांडीवर घेऊन झालं होतं, नणंदेने आईला सुती पंजाबी ड्रेस घालायला राजी केलं होतं. सुनेचं जे ऐकलं नाही ते लेकीचं ऐकलं, असो. पुढून बटणांचा पातळ स्वेटर, म्हणजे बसल्या बसल्या काढता येतो. एक सुती ओढणी, सैल मोजे. थर्मल बॅगेच्या तळाशी. कडेची सीट त्यांची, मधली माझी. सिक्युरिटीनंतर भरून घेतलेली पाण्याची बाटली समोरच्या खिशात, आणि दर दोन तासांनी उठून फेरी. उठायच्या आधी दोन मिनिटं पाय हलवायचे, मग हळूच उभं राहायचं. ब्लँकेट अंगावर घेतलं तर पट्टा त्याच्या वरून, हे मात्र पहिल्यासारखंच, म्हणजे झोपमोड होत नाही. पण आता ब्लँकेट फक्त गुडघ्यांपर्यंत.

विमानातल्या लोकांना सांगितलं तर उपयोग होतो, हे मी त्या पहिल्या प्रसंगानंतर शिकले. मोठ्या विमानांत केबिनचे वेगवेगळे भाग केलेले असतात आणि प्रत्येक भागाचं तापमान एक-दोन डिग्री खाली-वर करता येतं, कधी क्रूकडून, कधी कॉकपिटमधून. पण ती मंडळी सतत चालत असतात, जड गाड्या ढकलत असतात. बसलेल्याला काय वाटतं ते त्यांना आपण सांगितल्याशिवाय कळणार कसं? "आमच्या रांगेत फार गरम होतंय" एवढं पुरतं. फरक पडायला वेळ लागतो. नाहीच पडला तर रिकामी जागा असल्यास ते हलवून बसवतात.

परतीला तशी वेळ आलीच. जेवणानंतर केबिन कोंदट झालं. मी बटण दाबायला हात वर करणार, तेवढ्यात सासूबाईंनी जवळून चाललेल्या हवाईसुंदरीला ओढणीने वारा घेऊन दाखवला आणि म्हणाल्या, "बेन, बहु गरमी छे." ती मुलगी गुजराती नव्हती, हिंदीही तिला येत नसावी. पण ती हसली, मान हलवली आणि पुढे गेली. दहा-पंधरा मिनिटांत हवा खरंच सुखाची झाली.

त्यानंतर आमच्या पुढच्या रांगेतले एक काका कुरकुरायला लागले, की एकाएकी एवढी थंडी कुणी केली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आपलं न उघडलेलं दुसरं ब्लँकेट पिशवीसकट उचललं आणि सीटच्या वरून त्यांच्या हातात दिलं.