कुठं उतरणार?

आमच्या बीडच्या स्टँडवर एसटीत जागा धरायची ती खिडकीतून. गाडी थांबायच्या आत रुमाल, टोपी, पिशवी, नाहीतर सरळ एखादं पोर आत टाकायचं. ते पोर बऱ्याचदा मीच असे. बाकावर हात पसरून बसायचं आणि कुणी हटकलं तर भोकाड पसरायचं, असं मला घरून शिकवून ठेवलं होतं. एकदा सगळे टेकले की भांडणं विरायची. मग शेजारची बाई आईला विचारायची, "कुणीकडं निघालात?" मांजरसुंबा येईस्तोवर तिचं माहेर, आमचं आजोळ आणि दोन्हींमधलं कुठलं तरी लांबचं नातं निघालेलं असे.

रेल्वे पहिल्यांदा पाहिली ती परळीला, महाशिवरात्रीला. वैजनाथाचं दर्शन झालं आणि वडील आम्हा भावंडांना स्टेशनवर घेऊन गेले. कुठं जायचं नव्हतं, नुसती गाडी बघायची होती. जिल्ह्याच्या पूर्वेच्या टोकाला रेल्वे होती. बीडला मात्र नव्हती. 1995 साली अहमदनगर–बीड–परळी हा 261 किलोमीटरचा मार्ग मंजूर झाला, तेव्हा पेपरची घडी घालत वडील म्हणाले, "आता हिच्या लग्नाला रेल्वेनंच जायचं." दोन वर्षांनी आम्ही डोंबिवलीला लग्नाला गेलो. एसटीनंच गेलो.

डोंबिवलीत मला रेल्वे मिळाली, पण जागा मिळेना. सकाळची फास्ट लोकल यायची ती भरूनच. स्टेशनात वीस-पंचवीस सेकंद थांबणार. तेवढ्यात उतरणाऱ्या बायका बाहेर, चढणाऱ्या आत. खिडकीतून रुमाल टाकायची सोय नाही, कारण खिडकीला गज आणि बाकावर आधीच चौघी. बाक तिघींचा, चौथीनं अर्ध्या मांडीवर टेकायचं, त्याला चौथी सीट म्हणायचं. पहिल्या आठवड्यात एका बाईनं बसलेलीला विचारलं, "कुठे?" ती म्हणाली, "घाटकोपर." झालं. पुढं बोलणं नाही. मला वाटलं, किती तुटक माणसं! मग कळलं, ही चौकशी नव्हती, नंबर लावणं होतं. घाटकोपरला ती जागा विचारणारीची. मध्येच कुणी तिकडं सरकलं की तिघी-चौघी एकदम म्हणायच्या, "सीट सांगितलीय!" ना पावती, ना सही. पण हा शब्द सहसा मोडत नसे.

मीही शिकले. कुणी 'भायखळा' म्हटलं की तो नाद सोडायचा, 'कुर्ला' म्हटलं की जरा आशा धरायची. चेहऱ्यांवरून स्टेशनं ओळखू यायला लागली. ही ठाण्याची, ही दादरची. नावं कित्येकींची आजही ठाऊक नाहीत.

संध्याकाळी सीएसएमटीहून सुटणारी गाडी मात्र वेगळी. तिथं बसायला मिळे. समोरची बाई मांडीवर पेपर पसरून मेथीची जुडी सोडायची. पानं पिशवीत, काड्या पेपरवर. कुर्ला गेलं की न बोलता अर्धी जुडी माझ्या मांडीवर यायची. ठाण्याला ती उतरे तोवर भाजी निवडून झालेली असे. आमच्याकडं गावाचं नाव विचारून जे साधतं, ते इथं मेथीवर साधत होतं.

अशी अठ्ठावीस वर्षं गेली. 3 फेब्रुवारी 1925 ला व्हीटी ते कुर्ला पहिली विजेवरची लोकल धावली होती. तिची शंभरी भरली त्याच वर्षी, 17 सप्टेंबर 2025 ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी बीडहून अहिल्यानगरची पहिली रेल्वे सुटली. त्याच्या तीन वर्षं आधी ती नगरहून आष्टीपर्यंत आली होती. परळीकडचा तुकडा अजून बाकीच आहे. वडिलांनी फोनवर एवढंच विचारलं, "दिवाळीला येतीस ना?"

गेले. आष्टीला आत्याकडं जायचं निमित्त काढलं. एसटी लवकर पोचवते, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यावर दोघंही बोललो नाही. वडिलांनी सकाळपासून धुवट सदरा घालून ठेवला होता. नव्या स्टेशनात गाडी उभीच होती, डबा निम्मा रिकामा. तरी आत शिरताच त्यांनी खिशातला रुमाल काढला, खिडकीजवळच्या बाकावर टाकला आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "बस, धरली."

गाडी हलली. वडील खिडकीला चिकटले. समोर एक म्हातारी येऊन बसली, मांडीवर बोचकं, कपाळाला आडवं कुंकू. थोड्या वेळानं तिनं मला विचारलं, "कुठं उतरणार, बाई?"

"आष्टी," मी म्हणाले, आणि सवयीनं पर्स काखेत मारून अर्धी उठलेसुद्धा. आष्टी आलं की जागा हिची, एवढंच डोक्यात.

म्हातारी माझ्याकडं बघतच राहिली. मग हसली. "अगं बस की! जागा नाही मागायले मी. कोण्या गावची तू, ते इचारायले."

मी बसले. गाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं. रायमोहा आलं तेव्हा ती आणि वडील कुणाच्या तरी चुलत्यापाशी पोचले होते.