व्ही.पी.पासून ओटीपीपर्यंत

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माजी विद्यार्थ्यांकडून लेख मागविताना ‘आपापल्या क्षेत्रातील अनुभव’ असा विषय सुचविला आहे. माझे क्षेत्र टपाल खाते. पोस्टमन म्हणून लागलो, खात्याची परीक्षा देऊन डाक सहायक झालो आणि उपडाकपाल म्हणून निवृत्त झालो. सारी नोकरी एकाची वस्तू दुसऱ्याच्या दारात पोचविण्यात गेली. आज दारात वस्तू घेऊन येणारी माणसे निराळी आहेत. त्यांच्याविषयीच चार शब्द लिहावेत असे मनात आहे, कारण पाठीवर चौकोनी पिशवी घेऊन धावणाऱ्या त्या तरुणांत आपल्या शाळेतून बाहेर पडलेली मुलेही आहेत.

वसतिगृहात असताना पोस्टमनची वाट पाहणे हा आमचा नित्यक्रम होता. शेतमजुरी करणारे आईवडील महिन्या-दोन महिन्यांनी वीस-पंचवीस रुपयांची मनीऑर्डर धाडीत. तिच्या तळाशी संदेशासाठी जी चार बोटांची जागा असे, तीत गावातल्या कुणा शिकलेल्याच्या हस्ताक्षरात दोन ओळी येत. पैसे संपून जात. कूपन मात्र पेटीच्या तळाशी वर्षानुवर्षे राही. आता पालक फोनवरून पैसे पाठवितात आणि ते क्षणात पोचतात. यात हळहळण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही. त्या वीस रुपयांसाठी माझे वडील एका दिवसाची मजुरी बुडवून पोस्टापर्यंत चालत जात, कमिशन भरीत आणि फॉर्म भरून देणाऱ्याचे उपकार घेत. जुन्या दिवसांचे गोडवे गाताना हे तपशील सहसा गळून जातात.

घरबसल्या खरेदी हा आजचा शोध आहे अशी तरुण मंडळींची समजूत असते. टपाल खात्यातल्या माणसाला तिचे हसू येते. ज्याला आज ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ म्हणतात ती आमची व्ही.पी.पी.! वर्तमानपत्रातील जाहिरात पाहून पोस्टकार्ड टाकायचे, पार्सल आले की पोस्टमनच्या हाती किंमत देऊन ते ‘सोडवून’ घ्यायचे आणि ती रक्कम मनीऑर्डरने विक्रेत्याला परत जायची. पुस्तके, औषधे, शिवणयंत्राचे सुटे भाग, घड्याळे, सारे असेच येई. फसवणूकही तेव्हापासूनची. पैसे भरल्याशिवाय पार्सल उघडता येत नसे, आणि ट्रान्झिस्टरच्या खोक्यातून वीट निघालेला गृहस्थ विक्रेत्याला सोडून पोस्टमनवरच धावून जाई. आज मोबाईलच्या खोक्यातून साबणाची वडी निघाली अशी बातमी वाचली की मला ती वीट आठवते. शिव्या खाणारा माणूस तेव्हाही दारातलाच होता.

तरीही एक फरक मी फार मोठा मानतो. गावच्या दुकानात आमच्या वडीलधाऱ्यांनी बाहेर उभे राहून सामान मागितले आहे. पैसे उंबऱ्यावर ठेवायचे, पुडी वरून ओंजळीत पडायची. मी स्वतः लहानपणी ते पाहिले आहे. ज्याने तो उंबरा पाहिला, त्याला फोनच्या पडद्यावर साडी निवडणारी आपली लेक पाहताना जे वाटते ते इतरांस कदाचित कळणार नाही. पडदा तिला कुणाची म्हणून विचारीत नाही. ती पन्नास साड्या पाहते, एकही घेत नाही आणि तिला कोणी हटकत नाही. ऑनलाइन खरेदीने माणसे उधळी झाली, बाजारातली माणुसकी गेली, अशी टीका पुष्कळ ऐकतो. उधळेपणाचे खरे आहे. हप्त्यावर घेतलेला फोन हप्ता फिटण्याआधी फुटतो, हे घरोघर चालू आहे. परंतु बाजारातली ती माणुसकी सर्वांच्या वाट्याला सारखी येत नव्हती, हेही कोणीतरी लिहून ठेवावयास हवे.

पत्त्याचेही तसेच. मी बटवडा करीत असे तेव्हा निम्म्या पाकिटांवर जातीची नोंद असल्यासारखेच असे: अमुक आळी, तमुक वाडा, महारवाडा, मांगवाडा. माणूस मुंबईला जाऊन साहेब झाला तरी त्याच्या आईचे पत्र महारवाड्यातच येई. वस्त्यांची अशी जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर 2020 मध्ये घेतला. त्या मानाने पिनकोड फारच सभ्य निघाला. 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झालेली ही सहा अंकांची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची. संस्कृत कवी म्हणूनही त्यांची ख्याती होती. पहिला अंक विभागाचा, शेवटचे तीन बटवडा करणाऱ्या कार्यालयाचे. त्यात आळी नाही की वाडा नाही. आजच्या खरेदीचा एवढा डोलारा आधी त्याच सहा अंकांना विचारून पुढे सरकतो, याचा आम्हा टपालवाल्यांना थोडा अभिमान वाटतो. ॲपमध्ये ‘जवळची खूण’ लिहायची जागा असते. तिथे मी ‘बुद्धविहाराच्या मागे’ असे लिहितो. अद्याप एकही पार्सल चुकलेले नाही.

आता भाच्याविषयी. तो आपल्या वसतिगृहात पाचवीपासून दहावीपर्यंत होता. पुढे पदवी घेतली, स्पर्धा परीक्षांचे दोन-तीन प्रयत्न केले आणि घरचा रेटा वाढल्यावर पुण्यात एका कंपनीच्या ॲपवरून जेवण पोचविण्याचे काम धरले. कंपनी त्याला नोकर म्हणत नाही, ‘पार्टनर’ म्हणते. आमच्याकडे बटईने शेत करणाऱ्याला भागीदार म्हणतात. पीक निम्मे त्याचे आणि बुडाले तर नुकसानही दोघांचे. इथे गाडी भाच्याची, तिचा हप्ता भाच्याचा, पेट्रोल आणि पंक्चर त्याचेच. पावसात घसरून गुडघा फुटला, तो गुडघाही त्याचाच. दिवसाचे बारा-तेरा तास रस्त्यावर जातात, कारण ठरावीक ऑर्डरी पुऱ्या झाल्या तरच वरची रक्कम मिळते आणि ती रक्कम मिळाली तरच हिशेब जुळतो.

काम कष्टाचे आहे म्हणून मी ते वाईट म्हणणार नाही. रोख पैसे मिळतात, कोणाच्या शिफारशीवाचून मिळतात, नाव नोंदविताना कोणी ‘कोणत्या गावचे, कोणत्या आळीचे’ असे विचारले नाही, असे तो स्वतः सांगतो. गावी सालदारी करण्यापेक्षा हे शतपटीने बरे, हे त्याच्या आईचे म्हणणे मला मान्य आहे. पण उंबरा अगदीच नाहीसा झाला असेही नाही. तो सरकून सोसायटीच्या फाटकापाशी आला आहे. एका इमारतीत त्याला रहिवाशांच्या लिफ्टमधून खाली उतरविले गेले. ‘तुमची लिफ्ट मागे आहे’ असे सांगून. मार्च 2024 मध्ये तर एका मोठ्या कंपनीने केवळ शाकाहारी जेवण नेण्यासाठी हिरव्या गणवेशाची वेगळी तुकडी जाहीर केली. टीका झाली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी गणवेशाचे वेगळेपण मागे घेतले. कोणाच्या हातचे चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही, हा हिशेब आपल्या समाजाला नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

माझी खरी तक्रार निराळी आहे. गेल्या वर्षी एका ग्राहकाने डबा सांडलेला आल्याची तक्रार केली आणि भाच्याचा आयडी बंद झाला. सकाळी ॲप उघडले, तर ते उघडेना. कारण विचारण्यासाठी मदतकेंद्राचा पर्याय होता. तिथे आधीच तयार असलेली उत्तरे फिरून फिरून येत. मी त्याला म्हणालो, साहेबाला जाऊन भेट. तो म्हणाला, “मामा, साहेबच नाही.” अकरा दिवसांनी आयडी आपोआप सुरू झाला. का बंद झाला होता आणि का सुरू झाला, हे आजतागायत कळलेले नाही. त्या अकरा दिवसांत गाडीचा हप्ता चुकला आणि त्याचा दंड मात्र वेळेवर लागला.

आमच्या खात्यात गुलाबपाणी शिंपडून वागवीत असे कोणी समजू नये. परंतु एक प्रसंग सांगतो. माझ्या एका सहकारी पोस्टमनवर वृद्ध बाईची मनीऑर्डर खाल्ल्याचा आरोप आला. 1965 च्या शिस्तविषयक नियमांतील नियम 14 खाली त्याला आरोपपत्र मिळाले. उत्तर द्यायला मुदत मिळाली, बाजू मांडायला मदतनीस सहकारी घेता आला, कागद पाहता आले, साक्षीदारांची उलटतपासणी झाली. पावतीवरचा अंगठा त्या बाईचाच निघाला. पैसे घेतल्याचे ती वयोमानाने विसरली होती. चौकशी कित्येक महिने चालली आणि त्या काळात तो माणूस अर्धा झाला. पण त्याला विचारल्यावाचून कोणी काढू शकले नाही. हे खात्याचे औदार्य नव्हते. त्यामागे संविधानाचे कलम 311 उभे होते.

हे संरक्षण सर्वांना सहजी मिळाले असेही नाही. खेड्यातील शाखा डाकपाल आणि टपाल वाटणारे, ज्यांना आज ग्रामीण डाकसेवक म्हणतात, त्यांना पूर्वी खात्याबाहेरचे ‘एजंट’ म्हणत. त्यांना विनाचौकशी काढले जाई, आणि ते सरकारी पद धारण करीत नाहीत असा युक्तिवाद होई. 1977 साली पी. के. राजम्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. ही मंडळी नागरी पद धारण करतात, बाजू मांडण्याची संधी न देता त्यांना काढता येणार नाही, असा निर्णय दिला. म्हणून ‘पार्टनर’ हा शब्द ऐकला की मला तो जुना ‘एजंट’ आठवतो. नाव काय द्यायचे हे काम देणारा ठरवतो. खरे नाते काय आहे हे पाहावयास न्यायालयात जावे लागते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही फेब्रुवारी 2021 मध्ये उबरच्या चालकांबाबत कराराच्या शब्दांपलीकडे जाऊन ते कामगारच आहेत असे म्हटले.

आपल्याकडे सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये अशा कामगारांची व्याख्या प्रथमच आली आणि ती संहिता नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झाली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम, कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत, त्यांच्या कल्याणासाठी द्यावी अशी तीत तरतूद आहे. हे थोडे नव्हे. मात्र व्याख्याच मुळी ‘पारंपरिक मालक-नोकर संबंधाबाहेर काम करणारा’ अशी आहे. त्यामुळे कामाचे तास आणि काढण्यापूर्वीची विचारणा बाहेरच राहते. बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यांतील आठवड्याचे 54 तास 48 वर आणणारी दुरुस्ती 1946 ची. त्यांच्या तसबिरीखाली वाढलेला मुलगा आठवड्याचे ऐंशी तास धावतो आणि त्या तासांची मोजणीच कोणत्या कायद्यात बसत नाही, याचा विचार आपल्या मेळाव्यांतून व्हावयास हवा. तेथे अजूनही केवळ सरकारी नोकरी लागलेल्यांचेच सत्कार होतात. (मी निवृत्त झालो तेव्हा माझाही झाला होता, शाल अद्याप वापरात आहे.)

मार्ग अगदीच बंद आहेत असे नाही. राजस्थानने 2023 मध्ये या कामगारांसाठी देशातील पहिला कायदा केला. कर्नाटकाने 2025 च्या कायद्यात काम बंद करण्यापूर्वी लेखी कारण आणि 14 दिवसांची पूर्वसूचना अशी तरतूद केली. भाच्याचे अकरा दिवस तेथे गेलेच नसते. आपल्या राज्यातही हेच मागावयास हवे, आणि ज्यांचे वकिलीचे शिक्षण झाले आहे अशा आपल्या माजी विद्यार्थ्यांनी त्याचा मसुदा हाती घ्यावा. भाचा सध्या दुसऱ्या एका ॲपवर धावतो आहे. ग्रामीण डाकसेवकाचा अर्जही त्याने भरला आहे; तेथे निवड दहावीच्या गुणांवर होते, आणि त्याचे गणिताचे गुण आपल्या शाळेतील सरांना चांगलेच ठाऊक आहेत. त्या पदाचा मोबदला त्याच्या आजच्या चांगल्या महिन्याच्या कमाईहून कमी आहे, हे मी त्याला स्पष्ट सांगितले. तरी त्याने अर्ज भरला.

तोवर करण्याजोगे एक लहानसे काम आहे. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात या कामगारांना ओळखपत्र, ई-श्रम पोर्टलवर नोंदणी आणि आरोग्य विमा देण्याचे जाहीर झाले. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे अशी कामे करतात, त्यांतील अनेकांनी नोंदणी केलेली नाही, हे मी चौकशी केली तेव्हा दिसले. मेळाव्याच्या दिवशी दुपारच्या भोजनानंतर मी शाळेच्या वाचनालयात लॅपटॉप घेऊन बसणार आहे. पालकांनी आपल्या मुलांना तसा निरोप द्यावा. येताना आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाईल सोबत आणावा; ओटीपी त्यावरच येतो.