एक सेन्सर, दोन कॅमेरे आणि चामटोलीचा पाऊस

बदलापूरहून वांगणीकडे निघालं, की चामटोली लागते. २७ जुलै २०१९ला महालक्ष्मी एक्स्प्रेस इथेच पुरात अडकली आणि हजारभर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. मिररलेस कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायला याहून कडक मास्तर कुठला? फुजीफिल्मचे एक्स-टी५ (२०२२) आणि एक्स-टी५० (२०२४) भाड्याने घेतले आणि पावसाळ्यातला एक रविवार गाठला.

सेन्सर दोघांचा सेम, ४०.२ मेगापिक्सेल. भाताची खाचरं, रूळ, दूरवरचे डोंगर... लॅपटॉपवर कुठला फोटो कुणाचा, ओळखूच येईना!

मग फरक कुठे? टी५० ४३८ ग्रॅमचा, टी५ ५५७ ग्रॅमचा. लोकलच्या गर्दीत टी५० सॅकमध्ये जाणवतही नाही. पण सर आली की तो आत, टी५ बाहेर! अर्थात टी५ला लेन्सही पाऊस सोसणारी हवी. कंपनीच्या आकड्यांनुसार टी५ची बॅटरी ५८० फोटो टिकते, टी५०ची ३०५.

तेव्हा बॉस, आधी तुमचे वर्षभराचे फोटो चाळा. कॅफे, वाढदिवस, गल्ल्या जास्त? टी५० घ्या, वाचलेले पैसे लेन्समध्ये घाला. पावसाळी भटकंती जास्त? टी५च. वॉटरप्रूफ मात्र दोघंही नाहीत. उल्हास नदी फुगली, की फोटो राहू द्या, सरळ घर गाठा!